इंजेक्शन कुणाला द्यायचं?

पांढुर्णा आणि सौंसर इथल्या घरांत मराठी बोलतात, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशातच राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. तरी मोठं दुखणं आलं की आपली गाडी नागपूरकडेच निघते. सौंसरहून सावनेरमार्गे, पांढुर्ण्याहून काटोलकडून. ही सीमा एरवी जाणवत नाही, २०२१ मध्ये जाणवली. मार्चमध्ये मध्य प्रदेशानं महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबवल्या आणि एप्रिलमध्ये खुद्द नागपुरात खाटा, ऑक्सिजन, रेमडेसिविर कमी पडलं. शेवटी १९ एप्रिलला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं राज्य सरकारला आदेश दिला, की रात्रीच्या आत नागपूरला १०,००० कुप्या द्या.

वाटपासाठी कोर्टाला मध्ये पडावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाटपाचा नियम लोकांना आधी माहीत नसला की ओळख चालते, पैसा चालतो. ज्याचं कुणीच नाही तो दारात उभा राहतो.

त्यात या औषधाचीच खात्री नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, की यानं जीव वाचतो असा पुरावा नाही, वापरू नका. आपल्याकडच्या सूचनांत ते ऑक्सिजन लागणाऱ्या काही रुग्णांसाठी होतं. उलट डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं औषध अशा रुग्णांचे मृत्यू कमी करतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीत जून २०२० लाच दिसलं होतं. पण हातात चिठ्ठी पडली, की घरचा माणूस पुरावा कुठे विचारणार? तो मेडिकल दुकानं पालथी घालणारच. म्हणून कुणाला द्यायचं आणि कुणाला उपयोग नाही, हे डॉक्टरांनी आणि प्रशासनानं आधीच उघड सांगायला हवं.

लशीच्या वेळी तसं झालं होतं. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे आजारी, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे. लस तेव्हाही कमीच होती, पण आपला नंबर मागे का, हे लोकांना कळत होतं.

आणि मैत्रिणींनो, तिथेही एक गोष्ट पाहा. जून २०२१ अखेर देशात पुरुषांच्या दर १,००० डोसांमागे स्त्रियांचे साधारण ८६० होते. वयाच्या सरकारी क्रमात बाई-पुरुष असा भेद नव्हता. मग मागे का राहिलो? नोंदणीचा मोबाइल कुणाकडे होता, केंद्रावर नेणारं कोण होतं, ताप आला तर स्वयंपाकाचं काय, हे प्रश्न घरातले होते. घरातलं वाटप कुठल्या कोर्टात जात नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता विचारायला जिल्ह्याचं कार्यालय जवळ आहे. पुढची साथ आली तर खाटा कोणत्या क्रमानं मिळतील आणि नागपूरला पाठवायचा रुग्ण कोण ठरवेल, हे आत्ताच विचारून ठेवू या. आणि घरात आधी औषध कुणाला, हेही बसून बोलू या.