हज नोट आणि झवेरी बाजाराचा भाव

१९५९ साली रिझर्व्ह बँकेने दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. त्यांच्यावर इंग्रजीत ‘हज’ हा शब्द होता आणि क्रमांकाआधी एच, ए ही अक्षरे होती. हाजींनी त्या हिजाजमध्ये वापरायच्या होत्या. भारतात त्या चालत नसत. हाजींच्या सन्मानासाठी सरकारने त्या काढल्या, असे कोणी सांगितले तर ऐकायला बरे वाटते. खरे कारण मात्र सोने होते.

१९४७ पासून भारतात सोने आणण्यावर निर्बंध आले. जगाच्या बाजारात त्या काळी औंसाला ३५ डॉलर हा भाव ठरलेला होता. आपल्या रुपयात तो तोळ्याला साधारण साडेबासष्ट होई. पन्नासचे दशक संपता संपता मुंबईच्या झवेरी बाजारात तोळ्याला शंभराहून अधिक पडत. यात गुपित काहीच नव्हते. बाजाराचा भाव वर्तमानपत्रात छापून येई आणि डॉलरचा दर सर्वांना ठाऊक होता. आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलालाही त्रैराशिक मांडून सांगता येईल, की दहा तोळ्यांच्या एका बिस्किटामागे किमान पावणेचारशे रुपये सुटत होते. एवढा फरक रोज छापून येत असताना चोरटी आयात होते की नाही, हे खबऱ्याला विचारण्याची गरजच नव्हती.

माल येण्याची वाटही उघड होती. दुबईत सोने आणणे हा गुन्हा नव्हता. लंडनहून ते राजरोस विमानाने येई. गुन्हा सुरू व्हायचा तो आपल्या सागरी हद्दीत. आता या सोन्याची किंमत चुकती कशी होई? दुबई, कुवेत, बहरीन, मस्कत इकडे त्या वेळी भारतीय रुपयाच चाले. सोन्याच्या बदल्यात नोटांच्या थप्प्या तिकडे जात. तिथल्या बँका त्या मुंबईला परत पाठवून पाउंड मागत, आणि ते द्यावे लागत. परकीय चलनाची ही गळती हिशेबात दिसू लागली तेव्हा १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, झेड अक्षराच्या नोटा निघाल्या आणि त्यांनाच पाउंड मिळू लागले. हाजींबरोबर जाणाऱ्या नोटांनी हेच भोक पुन्हा पडू नये, म्हणून हज नोट आली. कोणाचीही झडती न घेता, आकडे वाचून केलेली ही कारवाई आम्हाला फार शहाणपणाची वाटते. तिने चोरटा व्यापार थांबला नाही. पुढे चांदी इथून बाहेर जाऊ लागली. पण निदान एक वाट बंद झाली.

दुसरी रीत याच्या उलट होती. १८७८ च्या सागरी जकात कायद्यात १९५५ साली १७८-अ हे कलम घातले गेले. सोने चोरटे आहे असा अधिकाऱ्याला वाजवी संशय आला, की ते चोरटे नाही हे ज्याच्याकडे सापडले त्याने सिद्ध करायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते वैध ठरवले, आणि १९६२ च्या कायद्यात ते कलम १२३ म्हणून आले. गस्तीवरच्या माणसाला शेवटी होडीच अडवावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. भावाचा आकडा नाव सांगत नाही. मग वाजवी संशय कशावरून यायचा? आपल्या कोकणातल्या खलाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी समुद्रावर. त्यांचे जाणेयेणे आखाताशी आणि नावे मुसलमानी. बदनामीला एवढे पुरत असे.

१९७४ मध्ये तस्करीसाठी बडी मंडळी स्थानबद्ध झाली. त्यांत हाजी मस्तान होता, तसा दमणचा सुकूर नारायण बखियाही होता. लोकांच्या तोंडी आणि पडद्यावर कोणते नाव राहिले, ते वाचकांना सांगायला नको.

मधल्या काळात सोने नियंत्रण येऊन गेले. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी १४ कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवण्यास बंदी केली. हजारो सोनार बेकार झाले, आणि भावातला फरक होता तिथेच राहिला. १९६८ चा सोने नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना जकात भरून पाच किलोपर्यंत सोने आणता येऊ लागले, आणि होड्यांचा तो धंदा ओसरला.

जुलै २०२२ मध्ये सोन्यावरची जकात १५ टक्के झाली. जुलै २०२४ मध्ये ती ६ टक्क्यांवर आणली गेली. या दोन तारखांच्या मधल्या काळातले दुबई आणि मुंबईचे भाव कोणालाही काढून पाहता येतात. आम्ही ते नववीच्या वर्गात फळ्यावर मांडले होते. मुलांनी वजाबाकी केली आणि विमानाने येणाऱ्या एका प्रवाशाने किती बिस्किटे आणली तर तिकिटाचे पैसे सुटतील, तेही काढून दाखवले.