पदवीवरची खोडाखोड

मेकॅनिकलच्या पहिल्या आठवड्यात नाव विचारायच्या आधी मला एक प्रश्न विचारला गेला होता. ‘जी की एल?’

कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला गेलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. कटऑफच्या यादीत प्रत्येक जागेला एक कोड असतो. पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वसाधारण. एल असेल तर लेडीज, म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्क्यांतली. माझी जागा एल होती. मी म्हणाले, ‘जी’. आणि ते खोटं चारही वर्षं निभावलं.

वर्गात आम्ही पाच मुली होतो. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर कानस चालवायला घेतली की कुणीतरी ‘दे, मी करतो’ म्हणत ती हातातून काढून घ्यायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री तेच मुलगे माझी फाइल मागायला यायचे. मुली घोकतात, डोकं मुलांचं चालतं, हे सगळ्यांना पाठ होतं. मी नापास झाले असते तर ते एलमुळे. चांगले मार्क पडले तेव्हा ते व्हायवामुळे, कारण तिथे म्हणे मुलींना मार्क वाटतात. आपण खरंच कुणाची तरी जागा खाल्ली आहे, असं हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं.

ही जागा मुळात कुणाची होती, हे शोधायला मी नोकरी लागल्यावर सुरुवात केली. शोध मद्रासला जाऊन पोचला.

गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात १७९४ सालच्या सर्वेक्षण शाळेपासून होते. तिथे मुली आल्या १९४० च्या सुमारास. त्यांतल्या एक ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्यांच्यापुढे डॉक्टर होण्याचा मार्ग होता, पण त्या पेशात रात्री-अपरात्री घराबाहेर राहावं लागलं असतं आणि मुलगी लहान होती. वडील, पप्पू सुब्बाराव, गिंडीतच इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि ललितांना प्रवेश मिळाला. त्याच काळात पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिलला आल्या.

ललितांची पदवी तयार झाली तेव्हा छापील मजकुरात विद्यार्थ्यासाठी इंग्रजीतलं ‘ही’ होतं. कुणीतरी ते खोडून हाताने ‘शी’ लिहिलं. पदवीचा मजकूर जुळवताना ती घेणारी बाई असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ललिता पुढे कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये लागल्या, भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या आरेखनावर त्यांनी काम केलं. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या मुख्य अभियंता झाल्या.

हे वाचताना मी वडिलांच्या ओळखीपाशी अडखळले. आमच्या वर्गात ललिता असत्या तर त्यांना काय म्हटलं असतं, ते मला नेमकं ठाऊक होतं. ‘सरांची मुलगी आहे, म्हणून मिळालं.’ मग मी हिशोब केला. १७९४ ते १९४०, जवळजवळ दीडशे वर्षं त्या आवारात सगळ्याच्या सगळ्या जागा मुलांच्या होत्या. शंभर टक्के. त्या जागांना कोडातलं अक्षर नव्हतं, म्हणून ते आरक्षण कुणाला दिसलंच नाही.

दार उघडल्यावरही आत अटी होत्याच. साठच्या दशकाच्या अखेरीस सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, हुबळीच्या कॉलेजात एकट्या मुलगी होत्या. साडी नेसायची, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, अशा अटींवर प्रवेश मिळाल्याचं त्यांनीच सांगितलं आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह तर नव्हतंच. पुढे १९७४ मध्ये टेल्कोची एक जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात होतं. त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. तोवर ही ओळ छापायला कुणाला संकोच वाटत नव्हता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुण्यातच १९९१ मध्ये कमिन्स कॉलेज सुरू झालं, फक्त मुलींसाठी. ते काढलं महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तीच ही संस्था. मुलींच्या इंजिनिअरिंगचा आपल्याकडचा धागा असा दोनदा वैधव्याशी येऊन भिडतो, एकदा गिंडीत आणि एकदा हिंगण्याच्या माळावर. तरी तिथेही मेकॅनिकल बऱ्याच नंतर आलं. मुलींचं म्हणजे कम्प्युटर. एसीत बसायचं, हात काळे होत नाहीत. मलाही घरी हेच ऐकवलं होतं.

पण ‘मुलींचं’ म्हणजे नेमकं काय? अमेरिकेत कम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास ३७ टक्के मुली होत्या. घराघरात कम्प्युटर आले, जाहिरातींत ते मुलग्यांचं खेळणं झाले, आणि पुढे हे प्रमाण निम्म्यावर घसरलं. तीच शाखा तिकडे मुलग्यांची ठरली, इकडे मुलींची. मेंदू दोन्हीकडे सारखेच. बदलत होती ती फक्त समजूत.

२०१८ पासून आयआयटींनी मुलींसाठी जागा ठेवल्या. आधी १४ टक्क्यांचं लक्ष्य, २०२० मध्ये २० टक्क्यांचं. या जागा वाढीव होत्या, मुलग्यांच्या आहेत त्या जागांना हात लावलेला नव्हता. तरीही ‘आमच्या जागा गेल्या’ हे ऐकू आलंच. जागा मोजायची पद्धत बदलली, गणित बदललं, वाक्य मात्र माझ्या वर्गातलंच राहिलं.

यंदा माझ्या भाचीला प्रवेश मिळाला. मेकॅनिकल. अलॉटमेंट लेटरचा स्क्रीनशॉट तिने मला पाठवला आणि लगेच फोन केला.

‘मावशी, एलमधून लागलाय गं. कुणाला सांगू नकोस हं.’

मी थोडा वेळ काही बोललेच नाही. जे वर्गात सांगितलं नव्हतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं.

‘माझी पण एलच होती.’

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘तू तर जी म्हणाली होतीस.’

‘खोटं बोलले होते,’ मी म्हटलं. ‘तू नको बोलूस.’