व्हेरिएबल रिकामा राहिला तर?

व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. समजा, जरीपटक्यातल्या एखाद्या ऑफिसच्या लिनक्स स्टोरेज सर्व्हरवर रोज रात्री जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट चालते. फोल्डरचा पत्ता ‘जागा’ या व्हेरिएबलमध्ये ठेवला की सर्व्हर बदलल्यावर एकच ओळ बदलायची. झकास सोय! पण ‘जागा, पुढे स्लॅश, त्यातलं सगळं पुसा’ असा आदेश असेल आणि डबा रिकामा निघाला, तर उरतो नुसता स्लॅश, म्हणजे अख्खी सिस्टीम. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग अ‍ॅपच्या स्क्रिप्टने नेमकं हेच केलं. एकाच्या तर जोडलेल्या बॅकअप ड्राइव्हवरच्या फायलीही गेल्या. बॅशमधलं ‘सेट -यू’ न ठरवलेला व्हेरिएबल पकडतं, ठरवलेला पण रिकामा नाही. तो पुसायच्या ओळीआधी वेगळा तपासावा लागतो.