सुरम्याच्या सलाईपासून पापणीच्या ब्रशपर्यंत

ईद आणि लग्नसराईच्या आधी अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ल्याच्या पार्लरांत आता मेंदीबरोबर ‘लॅश एक्स्टेन्शन’ही करून घेतात. पापणीच्या एकेका केसाला कृत्रिम केस चिकटवतात. डोळे सजवणे आपल्याला नवे नाही. पण सजावट आणि निगा यांची एकेकाळी असलेली जोडी तुटली आहे, असे मला वाटते.

अरबीत सुरम्याला ‘कुहल’ म्हणतात आणि त्यावरूनच डोळ्यांच्या वैद्याला ‘कह्हाल’ हे नाव पडले. तिर्मिझींच्या हदीससंग्रहात ‘इस्मिद’ सुरम्याने नजर स्वच्छ होते आणि पापण्या वाढतात, अशी रिवायत आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादच्या अली इब्न ईसा यांनी ‘तज़किरतुल कह्हालीन’ लिहिले. त्याचे तीन भाग आहेत: डोळ्याची रचना, बाहेरून दिसणारे रोग आणि आतले रोग. आत वळून बुबुळाला टोचणारी पापणी चिकट पदार्थाने बाहेर चिकटवून ठेवण्याचा उपायही या वैद्यांना ठाऊक होता. म्हणजे पापणीला चिकटवण्याची युक्ती तेव्हाही होती, पण ती डोळा वाचवण्यासाठी.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत इस्मिदऐवजी गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड आढळले आहे. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. शिवाय घरात एकच सलाई सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरे आणि तिच्यावरून खुपरीचा संसर्ग पसरे. या रोगाविरुद्ध भारत सरकारने 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केले.

उपनगरांत कृत्रिम पापण्या आल्या त्या सिनेमाबरोबर. 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज, 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान उभे राहिले. साठच्या दशकातल्या नायिकांचे लांब पापण्यांचे डोळे आठवा. त्या पट्टीच्या पापण्या शूटिंग संपल्यावर काढून ठेवता येत. आजच्या मात्र दोन-तीन आठवडे डोळ्यांवरच राहतात. सगळा फरक इथेच पडतो.

पाणी लागले तर गळतील, या भीतीने अनेकजणी डोळे धुवायचेच टाळतात. मग मुळाशी तेल, मृत त्वचा, मेकअप साचतो आणि पापण्यांच्या कडा सुजतात. गोंद सुकायला पार्लरवाली सांगेल तेवढा वेळ, सहसा एक दिवस, पाणी टाळावे. त्यानंतर रोज डोळे मिटून तेलविरहित फेसाने, मऊ ब्रशने मुळे हलकेच साफ करावीत, पाण्याने धुवावीत, स्वच्छ कापडाने टिपावीत. चोळू नये, केस ओढू नये, वर सुरमा-काजळ घालू नये. दुसरीचा ब्रश वापरणे म्हणजे पुन्हा तीच सामायिक सलाई. लाली, दुखणे किंवा अंधुक दिसणे सुरू झाले तर पार्लरमध्ये नव्हे, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

कृत्रिम केस जोडावेत का, वजूचे पाणी खाली पोहोचते का, हे उलेमांना विचारावे. मी एवढेच म्हणेन की दिवसातून पाच वेळा चेहरा धुणाऱ्या समाजात पाण्याला भिणारा साजशृंगार जरा विचित्रच दिसतो. अली इब्न ईसांच्या वारसदारांनी पापणीच्या लांबीइतकीच तिच्या मुळाचीही काळजी करावी.