जुन्या वाड्यांचे रंग : एक ऐतिहासिक विचार

मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकाच्या आरंभी नांदगावावरून पुढे गेला आणि या गावाच्या इतिहासास नवे वळण लाभले. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत वेरूळ व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत आणि तेथून बैलगाडीने वा टांग्याने पुढील वाट धरीत. रेल्वेच्या आधाराने या पट्ट्यातील पेठा वाढल्या. खाली दुकान व वर बिऱ्हाड, अशी व्यापारी घराण्यांची घरे उभी राहिली. अशा जुन्या वास्तूंपैकी ज्या आजही उभ्या आहेत, त्यांना रंग देताना कोणता विचार करावा, हे इतिहासाच्या आधारे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

या वास्तूंची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांच्या अथवा पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, तुळया, कडीपाट व वर धाबे किंवा कौले, अशी ही रचना असे. सांधणीस आणि गिलाव्यास चुना वापरीत. आपल्या काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजून, विरवून, बैलाच्या घाणीत वाळूसह मळले जात. अशी भिंत जमिनीतील ओल शोषते आणि वाऱ्याउन्हात ती बाहेर टाकते. म्हणूनच तिच्यावर चढणारा रंगही ओलीस वाट देणारा, म्हणजे चुन्याचाच असे. विरलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो व भिंतीशी एकजीव होतो.

चुन्याच्या तीव्र क्षारात सर्व रंग टिकत नाहीत. गेरू, पिवडी, काजळी यांसारखे खनिज वा कर्बयुक्त रंग टिकतात. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात तयार होऊ लागलेली निळीची पूडही टिकते. त्यामुळे जुन्या घरांचे पांढरे, फिके पिवळे, गेरूचे तांबडे आणि फिके निळे रूप केवळ हौसेतून आलेले नाही. जे भिंतीवर टिकले, तेच परंपरा झाले. दर दिवाळीपूर्वी सफेदी आणि जोत्यालगत गेरूचा पट्टा, ही रीत घर स्वच्छ करण्याची तशीच त्याचे आयुष्य वाढविण्याचीही होती. पांढरी भिंत उन्हाची झळ परतवी, तर खालचा तांबडा पट्टा पावसाच्या चिखलाचे शिंतोडे झाकून घेई.

खनिज रंगांच्या दीर्घायुष्याची साक्ष फार दूर शोधावयास नको. वेरूळच्या जैन लेण्यांतील इंद्रसभा, म्हणजे लेणे क्रमांक ३२, हिच्या वरच्या मजल्याच्या छतावर हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या चित्रांचे अवशेष आजही दिसतात. आपल्या शेजारच्या चांदवड येथील अठराव्या शतकातील होळकरांच्या रंगमहालातही काष्ठशिल्पाच्या सोबतीने भित्तिचित्रे आहेत.

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९०२ मध्ये कोलकात्याजवळ शालिमार पेंट्सचा कारखाना निघाला. १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्सचा आरंभ झाला. या कंपनीचा 'गट्टू' १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कुंचल्यातून अवतरला आणि पुढे गावोगावच्या दुकानांतून दिसू लागला. डब्यातील रंग सोयीचा ठरला. परंतु सिमेंटच्या भिंतीस जे मानवते, ते चुन्याच्या भिंतीस मानवेलच असे नाही. प्लास्टिक रंगाच्या पापुद्र्याआड ओल कोंडते, गिलावा फुगून सुटतो आणि भिंतीत दडलेल्या सागवानी खांबाचे बूड कुजू लागते. वरून चकचकीत दिसणारे घर आतून असे खंगत जाते.

दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. वाटण्या झाल्यावर एकाच वाड्याचा एक खण हिरवा, दुसरा गुलाबी व तिसरा जुनाच, असे दृश्य अनेक पेठांत दिसते. पूर्वजांनी एका दर्शनी भागात गुंफलेल्या कमानी, सज्जे आणि खिडक्या रंगांमुळे तुटक होतात. कागदावरील वाटणी आपली खासगी बाब असते. रंगाने मात्र ती रस्त्यावर जाहीर होते. मालकी वेगळी राहूनही बाहेरचा रंग एक ठेवता येतो. त्यास केवळ भावाभावांची एक बैठक पुरेशी आहे.

रंग निवडण्यापूर्वी सज्ज्याखालील आडोशाच्या जागी बोटभर रुंदीचा पट्टा हलक्या हाताने थराथराने खरवडून पाहावा. घराचा मूळ रंग तेथेच सापडण्याची शक्यता अधिक. मात्र जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत सीमित करणारा नियम भारतात २०१७ पासून अमलात आला. म्हणून जुना तैलरंग कोरडा घासू नये व जाळूही नये. तो पाण्याने भिजवून काढावा आणि मुलांना दूर ठेवावे.

चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो व वाळल्यावर फिका होतो. यास्तव दोन फूट चौरस नमुना लावून, तो पूर्ण वाळल्यानंतर सकाळी व सायंकाळी पाहावा. भिंत ओली करून तीन पातळ हात द्यावेत. भिंतीवर आधीच प्लास्टिक रंग असल्यास तो काढल्यावाचून चुना धरत नाही. भिंतीचा रंग ठरल्यावरच चौकटी, खांब व महिरपी यांचा विचार करावा. उघडे सागवान जवसाच्या तेलाने पोसावे. त्याचा तपकिरी रंगच भिंतीस उठाव देतो. लोखंडी कठड्यास गंजरोधक हात देऊन गडद रंग द्यावा. भिंत, लाकूड व लोखंड यांचे मिळून तीन रंग पुरेत.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जुन्या पद्धतीच्या डिस्टेंपरमध्ये घट्टपणासाठी पुष्कळदा सरस घालीत. सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. चुन्यात घालावयाचा डिंक मात्र वृक्षजन्य असतो. अहिंसेचा विचार मानणाऱ्या घराने रंगाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण मागील पिढ्यांच्या कार्याचे स्मरण करीत आहोत. त्या पिढ्यांनी ज्या ओट्यांवर बसून पेढ्या चालविल्या आणि समाजाचे निर्णय घेतले, ते ओटेही त्या इतिहासाचाच भाग आहेत. येत्या दिवाळीपूर्वी रंगाऱ्यास बोलावण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना 'आपल्या वाड्याचा पहिला रंग कोणता होता?' एवढे विचारावे, ही नम्र विनंती.