बंदूक, दुर्बीण आणि पेन्सिल

रानात बसून पक्ष्यांची चित्रे काढण्यासाठी दुर्बीण घ्यायची झाली, की दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच्यातून किती पट मोठे दिसते? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला असावा का? याचे उत्तर शोधायला आपण थोडे मागे जाऊ. पक्ष्याचे चित्र काढण्यासाठी माणसाने आजवर कोणकोणती साधने वापरली, ते पाहू.

पहिले महत्त्वाचे साधन होते बंदूक. जॉन जेम्स ऑड्यूबॉन यांचा ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ हा प्रचंड ग्रंथ १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ४३५ चित्रे आहेत आणि पक्षी त्यांच्या खऱ्या आकाराचे आहेत. ऑड्यूबॉन पक्षी मारून आणत, चौकटी आखलेल्या फळीवर तो तारांनी हव्या त्या पवित्र्यात बसवत, आणि तशाच चौकटी कागदावर आखून चित्र काढत. मापे अचूक येत; पण पक्षी कसा उभा राहतो, मान कशी वळवतो, हे मात्र आठवणीतूनच भरावे लागे.

दुर्बीण तर १६०९ मध्येच गॅलिलिओच्या हाती होती. मग ती का वापरली नाही? गॅलिलिओच्या रचनेत प्रतिमा सुलटी दिसते, पण मोठे करत गेलो की दिसणारा भाग फार चिंचोळा होतो. केप्लरने १६११ मध्ये सुचवलेल्या रचनेत भाग जास्त दिसतो, पण प्रतिमा उलटी! ती सुलटी करायला आणखी भिंगे घातली की नळी लांब होते आणि उजेड कमी होतो. शिवाय साध्या भिंगातून वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसे. दोन प्रकारच्या काचा जोडून ती झालर कमी करणाऱ्या भिंगाचे पेटंट जॉन डॉलंडने १७५८ मध्ये मिळवले. त्यानंतर पितळेच्या, एकात एक सरकणाऱ्या चांगल्या दुर्बिणी खलाशांच्या हाती आल्या. पण फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या पक्ष्याला अशा लांब नळीत पकडणे सोपे नव्हते.

बदल आला तो आधी मनात आणि मग काचेत. एडमंड सेलूस हे इंग्रज गृहस्थ एकेकाळी स्वतः पक्षी मारत. १८९८ मध्ये त्यांनी रातव्याच्या एका जोडीचे तासन्‌तास निरीक्षण करून बारीक नोंदी केल्या. १९०१ च्या ‘बर्ड वॉचिंग’ या पुस्तकात त्यांनी बंदूक ठेवून दुर्बीण हाती घेण्याचा आग्रह धरला. गंमत अशी, की त्यांचे थोरले भाऊ फ्रेडरिक हे आफ्रिकेतील नामांकित शिकारी होते!

याच सुमारास काचेचा प्रश्नही सुटला. लोलकांच्या साहाय्याने उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्येच काढली होती. पण त्यासाठी लागणारी निर्दोष काच पुढे जर्मनीत येना येथे ओटो शॉट यांनी तयार केली आणि एर्न्स्ट आबे यांच्या रचनेची द्विनेत्री दुर्बीण झाइस कंपनीने १८९४ मध्ये बाजारात आणली. लोलकांत प्रकाशाचा मार्ग दुमडला जातो, म्हणून नळी आखूड झाली. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे १९३४ चे मार्गदर्शक पुस्तक याच साधनाच्या भरवशावर उभे होते. हातात न घेता, दुरून दिसणाऱ्या खुणांवरून पक्षी ओळखायचा, ही त्याची रीत.

पाहणाऱ्याची सोय झाली. पण चित्रकाराची? दुर्बीण धरायला हात अडकतो, मग पेन्सिल कशाने धरायची? यावर उपाय म्हणजे तिवईवर बसवलेली एकनळी दुर्बीण, म्हणजेच स्पॉटिंग स्कोप. स्वीडनचे चित्रकार लार्स योन्सन (जन्म १९५२) अशी दुर्बीण लावून, समोरच्या जिवंत पक्ष्याकडे पाहत जागेवरच चित्र रंगवतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर आहे. २० पट मोठे केले, तर १०० मीटरवरचा बगळा ५ मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी ६० भागिले २०, म्हणजे ३ मिलिमीटर असते. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुलीही साधारण तेवढीच असते. तेच ६० पट केले, तर झोत १ मिलिमीटरचा उरतो आणि डोळ्यात नवव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो. शिवाय दिसणारा भाग आक्रसतो, तापलेल्या हवेची थरथरही तितकीच मोठी दिसते. बगळा एक पाऊल सरकला की नाहीसा! म्हणून चित्र काढण्यासाठी २० ते ३० पट पुरे.

दुसरी गोष्ट नेत्रिकेची. ती सरळ असते किंवा ४५ अंशांत वर वळलेली. सरळ नळीतून पक्षी लवकर सापडतो. पण वळलेल्या नळीत मान किंचित खाली राहते, मांडीवरचा कागद नजरेच्या जवळ येतो आणि तिवई बुटकी ठेवता येते, म्हणून वाऱ्यात ती कमी हलते. लहानमोठ्या उंचीची मुले पाळीपाळीने पाहणार असतील, तर हीच सोयीची.

मग बंदूक वाया गेली का? तसे म्हणता येणार नाही. लहानपणी पाडलेली एक चिमणी ओळखून घेण्यासाठीच सालिम अली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोचले, आणि शास्त्रीय कामासाठी नमुने गोळा करणे आवश्यक आहे असे त्यांचे पुढेही मत होते. पीस न्‌ पीस मोजायला पक्षी हातात लागतो, हे खरेच आहे. ब्रिटनचे चार्ल्स टनिक्लिफ (१९०१–१९७९) यांनी यातून मधला मार्ग काढला. मरून पडलेले पक्षी लोक त्यांना आणून देत, त्यांची ते मोजून-मापून चित्रे काढत. आणि पवित्रा मात्र जिवंत पक्ष्याकडून शिकत.

दुर्बीण नसली तरी हे शाळेत करून पाहता येईल. मुलांना आधी आठवणीतून कावळा काढायला सांगा. मग खिडकीतून दहा मिनिटे खरा कावळा पाहून पुन्हा काढायला सांगा. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की कावळा चालताना मान कशी ठेवतो, चोच किती जाड असते, यावर वर्गात वाद सुरू होईल. तो मिटवायला मुले पुन्हा खिडकीकडे धावली, की समजावे, दुर्बीण घेण्याची वेळ आली आहे.