काकांच्या टीव्हीवर माझा लॅपटॉप

२०१८च्या पावसाळ्यातली गोष्ट. वडप्यात आमचं घर आणि काकांचं घर यांच्यात एकच भिंत आहे आणि पुढे सामायिक पडवी. इंटरनेटचं कनेक्शन काकांच्या नावावर, राउटर त्यांच्या हॉलमध्ये, पैसे निम्मे-निम्मे, पासवर्ड सगळ्यांकडे. एका संध्याकाळी चुलतभाऊ नव्या टीव्हीत पेन ड्राइव्ह शोधत होता. तिथल्या यादीत त्याला माझ्या लॅपटॉपचं नाव दिसलं आणि त्याने ते उघडलं. आत सिनेमे होते, गाणी होती आणि ‘बाबा पाय’ नावाचं एक फोल्डर होतं.

बाबांना मधुमेह आहे. त्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. ड्रेसिंग घरीच व्हायचं. जखमेचा फोटो रोज डॉक्टरांना पाठवायचा आणि जपून ठेवायचा, हे काम माझ्याकडे. आजीला “पायाला जरा लागलंय” एवढंच सांगितलेलं, कारण तिला झेपलं नसतं असं बाबांचं म्हणणं. आजी काकांकडे राहायची. आपल्या लेकाचा पाय तिने पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीच्या पडद्यावर.

बाबा ओरडले नाहीत. “तू त्यांना कधी दाखवलंस?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, मी नाही दाखवलं. ते खरं होतं, पण म्हणताना माझं मलाच पटत नव्हतं. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असणार?

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ७ होती, २००९ साली आलेली. नवं नेटवर्क जोडलं की ती विचारायची: होम, वर्क की पब्लिक? मी घरात बसलो होतो, होम दाबलं. त्याआधी हॉस्टेलला रूममेटला सिनेमे बघता यावेत म्हणून मीडिया प्लेअरमधली एक खूण मीच केली होती. नेटवर्कवरच्या कुठल्याही उपकरणाला माझा मीडिया आपोआप वाजवू दे, अशा अर्थाची. हॉस्टेल सुटलं, खूण राहिली. आणि विंडोजच्या हिशोबात मीडिया म्हणजे फक्त सिनेमे आणि गाणी नाहीत, पिक्चर्सचं फोल्डरही त्यातच येतं.

हे असं का बनवलं असेल, याचा शोध घेत मी बराच मागे गेलो. घरातली उपकरणं एकमेकांना आपोआप ओळखावीत म्हणून १९९९ साली यूपीएनपी नावाच्या पद्धतीसाठी कंपन्यांचा एक मंच उभा राहिला. तिची रीत लग्नातल्या माइकवरच्या घोषणेसारखी आहे. टीव्ही किंवा लॅपटॉप २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर सांगत राहतो की मी इथे आहे, माझ्याकडे हे-हे आहे. नेटवर्कवरचा जो ऐकत असेल तो ऐकतो. ऐकणारा कोण, हे विचारायची सोय मूळ पद्धतीत सक्तीची नव्हती. २००३ साली सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी मिळून जो गट काढला आणि ज्याचं नाव पुढे डीएलएनए झालं, त्याने याच पायावर टीव्ही, कॉम्प्युटर आणि फोन जोडले. चुलतभावाने पाहिली ती यादी त्यातूनच आली होती.

गृहीतक एकच होतं: एका नेटवर्कवर आहेत ते एका घरातले आहेत. हे गृहीतक कुठल्या तरी बंगल्यात, एका कुटुंबाला एक कनेक्शन अशा जागी बसून केलेलं असणार. पडवी त्या आराखड्यात नव्हती.

चाळी आणि सोसायट्या तर नव्हत्याच. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, १९९८च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि मुंबई-ठाण्यात पुष्कळ घरांत ते पोचलं केबलवाल्याच्या हातून. गच्चीवरून गच्चीवर वायर, जिन्यात एक स्विच, की अख्खी इमारत एका नेटवर्कवर. माझ्याहून वयाने मोठे सहकारी सांगतात की ‘नेटवर्क नेबरहुड’ उघडलं की तिसऱ्या मजल्यावरच्यांचा सी ड्राइव्ह दिसायचा. त्यातून गाणी मिळायची, म्हणून कुणी तक्रारही करत नसे. (हे सांगताना ते हसतात. मीही हसायचो, २०१८पर्यंत.)

धोका कुणाला माहीतच नव्हता असंही नाही. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आली आणि डिसेंबरातच तिच्या यूपीएनपीत मोठं भगदाड सापडलं. ती सेवा बंदच ठेवा, असं तेव्हा एफबीआयच्या सायबर विभागाने सुचवलं होतं. २००३च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये गाणी शेअर करायची सोय दिली. लोक इंटरनेटवरून परक्यांची गाणी ऐकू लागल्यावर महिन्याभरात ती एकाच नेटवर्कपुरती आवळली. म्हणजे पुन्हा तेच गृहीतक. २०१९च्या जानेवारीत तर हजारो घरांतल्या क्रोमकास्टवर आणि स्मार्ट टीव्हींवर, एका यूट्यूबरला सबस्क्राइब करा, असा संदेश आपोआप झळकला. ज्यांनी तो पाठवला ते यूपीएनपीमुळे राउटरमध्ये उघड्या राहिलेल्या वाटांनी आत शिरले होते.

ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. चंद्रचूड आणि बोबडे हे दोघे त्या पीठावर होते. कॉलेजात आम्ही त्यावर तावातावाने बोललो होतो, सगळा रोख आधारवर आणि सरकारवर. पुढे २०२३चा डेटा संरक्षण कायदा आला. एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. मला ते बरोबर वाटतं, चुलतभावाला कोर्टात कोण नेणार? पण बाबांचा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या घरात खासगी म्हणजे आजीपासून लपवलेलं, आणि ते जपण्याचं काम एका चौकटीतल्या खुणेवर सोपवलेलं होतं.

आजीने बाबांशी आठवडाभर अबोला धरला. दुखण्याचं तिला एवढं वाटलं नाही, लपवल्याचं वाटलं. नंतर ती रोज ड्रेसिंगच्या वेळी येऊन बसू लागली. बाबांना ते आवडत नव्हतं. ते मान वळवून बसायचे. फोटो मात्र त्यांनी मला पुन्हा कधी काढू दिला नाही. स्वतःच्या फोनवर, वाकून, हलणाऱ्या हाताने काढायचे, पाठवायचे आणि लगेच पुसून टाकायचे. डॉक्टर म्हणायचे, नीट दिसत नाही.

आता आमचं कनेक्शन वेगळं आहे. वडप्याच्या आसपासची गोदामं वाढली, त्यांच्यामागे फायबर आलं. तरी सणावाराला काकांकडे गेलो की मी टीव्हीची ती यादी एकदा उघडून बघतो. गेल्या दिवाळीत तिच्यात तीन नावं होती. टीव्ही काकांचा, लॅपटॉप चुलतभावाचा. तिसरं नाव एका मुलीचं होतं, पुढे ‘पीसी’. काकूला विचारलं तर म्हणाली, मागच्या भाडेकरूंची मुलगी आहे, बारावीला, तिला अभ्यासाला पासवर्ड दिलाय. मी रिमोट खाली ठेवला आणि चपला घालून मागच्या बाजूला गेलो.